ओठांना मुंग्या

पाणी लाल नसतं.
हे मी दर जानेवारीत लिहिते,
आणि दर जानेवारीत केयोनच्या धक्क्यावरून कुणीतरी
निळ्याशार खाडीचा फोटो पाठवतं:
कुठाय बाई तुमची लाल भरती?

खात्याच्या शिक्क्यामागे बसून लिहिते, नाव न घालता:
"नागरिकांना सूचित करण्यात येते की
शिंपल्यांच्या शंभर ग्रॅम मांसामागे विषाचे प्रमाण
ऐंशी मायक्रोग्रॅमच्या वर आढळून आले आहे."
करण्यात येते. कोण करतं?
धुकं येतं, तसं ते येतं.

खाली उत्तरं उघडत जातात, वाफेवरच्या शिंपल्यांसारखी:
लिंबू पिळलं तर?
वाइनमध्ये शिजवलं तर?
माझी आजी उकळत्या पाण्यात चांदीचा चमचा टाकायची,
काळा नाही पडला तर जेवायला बसायचे सगळे. नव्वद वर्षं जगली.
सॅमन कंपनीकडून किती घेतलेत?
पोरांना काय घालू, तुमचं परिपत्रक?

माझ्याकडे मंजूर वाक्यांचा तक्ता आहे. बारा वाक्यं.
त्यात पोरं नाहीत.
"उकळल्याने विष नष्ट होत नाही," मी चिकटवते,
लिंबाला तेच, वाइनला तेच, चमच्यालाही तेच.
पालथ्या घड्यावर पाणी,
तेही सरकारी.

मंगळवारी रात्री पावणेतीनला एक ओळ आली.
बेलार्मिनो चिग्वाय. फोटोत माणूस नाही, पिवळी होडी.

"ओठांना मुंग्या येतायत बोटांनापण
समुद्रावरून आल्यावर शिंपले खाल्ले
बायको झोपलीय उठवू का"

प्रश्नचिन्हसुद्धा नव्हतं.
बाराही वाक्यं वाचली. एकही त्याच्या मापाचं निघेना.
मग खात्याने आजवर कुणाला लिहिला नसेल
असा शब्द लिहिला:
उठव.

उठव तिला. राहतोस कुठे?
"यालदाद शाळेमागे हिरव छप्पर"
एका कानाला रुग्णवाहिकेचा फोन,
दुसऱ्या हाताने त्याला बोलतं ठेवत होते.
होडीचं नाव काय?
"इनेस"
कोण ती?
"आइ"
आता कुठे असते?

हिरवा ठिपका नुसताच जळत राहिला.
मी खिडकी उघडली, मिटली.
पडद्यावर बोट ठेवून बसले,
नाडी बघावी तशी.

तीन वाजून नऊ मिनिटांनी त्याच्याच नावावरून:
"मी बायको. गाडी आलीय. श्वास नीट घेत नाहीये.
तुम्ही कोण?"

तुम्ही कोण.
सहा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं,
आणि तक्त्यातही नव्हतं.
एर्सीरा, लिहिलं.
त्रान्सितो वेंतेओची मुलगी. बाजारात बटाटे विकते ना, तिची.

चार वाजता, त्याच शिक्क्याखाली, सगळ्यांना:
"खाऊ नका. मलाही आवडतात.
वास येत नाही, चव बदलत नाही,
चमचा तर अजिबात काळा पडत नाही.
ओठांना मुंग्या आल्या तर बायकोला उठवा,
नवऱ्याला उठवा, मला उठवा.
एर्सीरा, त्रान्सितोची."

नऊला प्वेर्तो मोंतहून ते काढून टाकण्यात आलं.
कारण दोन शब्दांचं: स्वर अनुचित.
तोवर मासळीबाजारात कुणीतरी
खोक्याच्या पुठ्ठ्यावर ते पेनाने उतरवून टांगलं होतं,
माझ्या नावात एक चूक करून.

बेलार्मिनो दोन दिवस यंत्राच्या श्वासावर होता.
शुक्रवारी त्याने स्वतःच लिहिलं,
होडीवर जाळं तसंच राहिलंय, कुणी आवरेल का.
त्याच्याच खाली एकाने विचारलं, चांदीऐवजी लसूण टाकला तर?
मी चिकटवलं: नष्ट होत नाही.

आणि पोरांना काय घालू विचारणारी ती बाई,
ती शनिवारी पुन्हा आली, तेच विचारत.
मी तक्ता उघडून बसले होते.
माझ्याआधी आईने लिहिलं,
एका बोटाने, सगळं एका ओळीत:
बटाटे आहेत माझ्याकडे ये पिशवी आण